उपवासाला चालतं

बाजारातला किराणा दुकानदार म्हणायचा, अख्ख्या मेहकरात सगळ्यात जास्त साबुदाणा तुमच्या घरी खपतो. मी पिशवी पुढे केली की तो काट्यावरून मान वर करून विचारायचा, "क्या सर, घर में रोज एकादशी?" मी हसायचो आणि "हो, तसंच समजा" म्हणायचो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. तेवढी लाज मला कुठल्याच उघड्या खोटेपणाची वाटत नाही, कारण तो माणूस सरळ विचारत होता आणि मला सरळ सांगायला काहीच अडचण नव्हती.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटेल की हा माणूस अडाणी होता, म्हणून असं वागला. दहावीला आनुवंशिकतेचा धडा असतो. दरवर्षी मी फळ्यावर चार चौकोन काढतो आणि वाटाण्याच्या उंच-बुटक्या झाडांचं उदाहरण देऊन समजावतो की दोष आईबापांत लपून राहतो आणि चारातल्या एका चौकोनात उघडा पडतो. मुलं चौकोन वहीत उतरवून घेतात. मी डस्टरने फळा पुसतो आणि घरी येतो.

आमच्या मुलीचा जन्म संभाजीनगरच्या एका दवाखान्यात झाला, आणि तिथे सगळ्याच बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासायची पद्धत होती. घरी बारशाची तयारी चालू असताना फोन आला. तिथून मुंबई. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, फिनाइलकीटोन्युरिया, आणि मग सोप्या भाषेत सांगितलं की डाळ, दूध, मांस, दाणे, सगळ्यांतल्या प्रथिनांत एक घटक असतो, तो हिच्या शरीराला मोडता येत नाही. तो रक्तात साठत जातो आणि मेंदू नासवतो. औषध असं काही नाही. खाणं हेच औषध, तेही जन्मभर. डाळ, दूध, गहू, अंडी, मटण, शेंगदाणे बंद. भात आणि बटाटा काट्यावर तोलून. साबुदाणा, तूप, साखर, बहुतेक फळं चालतील. आणि दिवसातून तीन वेळा एका खास पावडरीचं पाणी, ज्याचा वास घेतला तरी मोठ्या माणसाला मळमळतं. महिन्याच्या महिन्याला बोटाला सुई टोचून रक्ताचे ठिपके जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि कुरिअरने मुंबईला पाठवायचे.

"नीट पाळलंत तर ही इतर मुलांसारखी शिकेल," डॉक्टर म्हणाले. "घराण्यात असं कोणी होतं का?"

मी लगेच "नाही" म्हणालो. बायको माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हो, होते."

माझी बायको माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क समजतात आणि मी तो मोठ्या हौसेने बजावला होता. माझी आई आणि बायकोचे वडील सख्खे भाऊबहीण, आणि त्यांना आणखी एक भाऊ होता. आजोळच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती, त्यात तो राहायचा. सगळं घर सावळं आणि तो एकटा गोरा, पिंगट केसांचा. बोलायचा नाही. दिवसभर बसून पुढे-मागे डोलायचा. त्याच्या खोलीला बंद पेटीत उंदरांनी घर केल्यासारखा वास यायचा. सुट्टीत आम्ही पोरं खिडकीतून त्याला खडे मारायचो आणि "उंदीरमामा" म्हणून ओरडायचो. ते नाव मी ठेवलं होतं. तो मी वयात यायच्या आधीच गेला. घरात कोणी म्हणायचं बाहेरचं होतं, कोणी म्हणायचं लहानपणी ताप डोक्यात गेला. मुंबईत त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला कळलं की त्याला रोज वरण-पोळी आणि दूध घालून आजीनेच, प्रेमानेच, त्याचा मेंदू संपवला होता.

म्हणजे मुलीचं काय होऊ शकतं हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ते खिडकीतून पाहिलेलं होतं.

परत आल्यावर मी बायकोला बजावलं की मुंबईची गोष्ट चार भिंतींबाहेर जाता कामा नये. आजार दोन्हीकडून आलाय म्हटलं की बोट आजोळच्या त्या खोलीकडे जाणार. आईला वाईट वाटणार, मामाला वाईट वाटणार, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. ही कारणं मी सांगितली. खरं कारण असं की ज्या माणसाला मी खडे मारले त्याचंच रक्त माझ्या पोरीत आहे, हे मला गावासमोर कबूल करायचं नव्हतं.

मग उष्टावणाचा दिवस आला. मुलीच्या मामाने, म्हणजे बायकोच्या भावाने, चांदीची वाटी आणली होती. पाटावर बाळ, समोर तांदळाची खीर, भोवती आमची सगळी माणसं. त्याने चमचा उचलला. बायको स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती. काही तरी बोलायलाच हवं होतं आणि मी बोललो.

"थांब," मी म्हणालो. "मी बालाजीले नवस बोललो आहे. पोरीचं लग्न होईस्तोवर ती अन्न खाणार नाही. उपवासाचंच खाईल."

त्याने चमचा खाली ठेवला. माझ्या आईने हात जोडले. माझ्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डोळे मिटले. एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. आजार म्हटलं असतं तर प्रत्येकाने एक डॉक्टर, एक वैद्य आणि एक अंगारा सुचवला असता. नवस म्हटल्यावर सगळे गप्प झाले आणि वर माझ्याकडे आदराने बघू लागले. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "हे काय बोलले तुमी? दूध उपवासाले चालते. शेंगदाणा चालते. उद्या कोणी हातावर ठेवलं तं?"

"कोण ठेवते?" मी म्हणालो. "आपलं लक्ष हाये ना."

मी विज्ञानाचा शिक्षक. उपवासाला काय चालतं याची यादी आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. ती माझ्या बायकोला त्याच क्षणी आठवली आणि मला आठवली नाही.

तरी पहिली सहा-सात वर्षं सगळं ठीक चाललं, ते पूर्णपणे बायकोमुळे. तिने सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. मुलीचा वाटीभर भात आम्ही दार लावून भरवायचो, कारण नवसाची पोर भात खाताना कोणाला दिसायला नको. साबुदाण्याची दाण्याच्या कुटाशिवाय खिचडी, आरारुटाची धिरडी, दुधी, काकडी. शाळेत खिचडीच्या वेळी ती तिचा डबा घेऊन वेगळी बसायची. मुलीलाही आम्ही तेच सांगितलं होतं, तुझा उपवास आहे. लहान मूल खरं पोटात ठेवत नाही, हा माझा युक्तिवाद. एकदा तिने विचारलं, "बाबा, देवानं मले एकटीलेच काऊन सांगतलं उपवास कराले?" मी म्हणालो, "कारण तू त्याची लाडकी हायेस." ती खुश झाली.

गावही खुश होतं. नवरात्रात कुमारिका जेवायला बोलावताना आमच्या मुलीला पहिला मान. बायका तिचे पाय धुवायच्या, तिला ओवाळायच्या आणि समोर साबुदाण्याचे पापड ठेवायच्या. मी दारात उभा राहून बघायचो. एकादशीला गल्लीतून भगर, दाण्याची आमटी, खव्याचे पेढे यायचे. बायको हसून ताट आत घ्यायची आणि ते सगळं मी खायचो. त्या वर्षांत माझं पोट सुटलं. शाळेत नवे शिक्षक आले की कोणीतरी त्यांना माझी ओळख करून द्यायचं, "सरांच्या मुलीचा नवस आहे." मी नम्रपणे मान खाली घालायचो. आजारी मुलीचा बाप म्हणून कोणी माझ्याकडे तसं पाहिलं नसतं.

मुलगी दुसरीत असताना बायकोला दुपारी पतसंस्थेत काम मिळालं. मुलगी शाळेतून आली की समोरच्या काकूंकडे थांबू लागली. काकू म्हणजे एकटी विधवा बाई, मुलगा पुण्याला, घरात दोन खोल्या आणि एक तुळस. आमच्या मुलीवर त्यांचा इतका जीव की तिच्या वाट्याचा कोपरा त्या रोज वेगळ्या पाण्याने पुसून घ्यायच्या. बायकोने त्यांना सांगितलं होतं, "काकू, डब्यातलंच खाऊ द्या, दुसरं काही नोको." काकू म्हणाल्या होत्या, "मले समजते वं बाई, नवसाचं लेकरू हाये."

त्या हिवाळ्यात मुलगी बिघडू लागली. मी हाच शब्द वापरायचो, बिघडली. अक्षर वाकडं झालं. एका जागी बसेना. बोललं की अंगावर यायची, विनाकारण रडायची, कोपराला खाजवून खाजवून चट्टे आले. सातचा पाढा तिला आधी घडाघडा यायचा, तो सात चोक वर अडू लागला. मी रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचो. एके दिवशी ती सात चोक सव्वीस म्हणाली, मग तीस म्हणाली, मग खिडकीबाहेर बघू लागली. मी लाकडी पट्टी उचलली. "हात पुढे कर." तिने हात पुढे केला. तो थरथरत होता. मला वाटलं भीतीने. मी दोनदा मारलं.

आता खरी लाजेची गोष्ट. रक्ताचे ठिपके पाठवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी कित्येक महिने केलंच नव्हतं. आधीचे सगळे आकडे चांगले आले होते. सुई टोचली की ती रडायची. आणि कुरिअरवाला ओळखीचा होता, माझाच जुना विद्यार्थी. तो दर वेळी पाकीट चाचपून विचारायचा, "सर, दर महिन्याले मुंबईले काय पाठवता?" त्याला टाळायचं म्हणून मी एक महिना टाळला, मग दुसरा. बायको विचारायची, "पाठवलं का?" मी म्हणायचो, "पाठवलं." "काय आलं?" "चांगलं आलं."

एका रविवारी बायको मुलीची वेणी घालत होती. मध्येच थांबली आणि मला हाक मारली. "इकडे या. हिच्या डोक्याचा वास घेऊन पाहा." मी वाकलो. पेटीत उंदीर झाल्यासारखा वास होता. मी आठ वर्षांचा असताना ज्या खिडकीच्या गजाला नाक लावून ओरडायचो, तिथला तो वास. मी मागे सरकलो तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही ती खोली माहीत होती, ती त्याच घरात वाढली होती.

"तुमी रक्त पाठवलं नाही," ती म्हणाली. हे तिने विचारलं नाही, सांगितलं.

त्याच दिवशी ठिपके घेतले. सोमवारी कुरिअर केलं. मुंबईहून आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाजच वेगळा होता. रक्तातलं प्रमाण ठरलेल्या रेषेच्या कितीतरी वर गेलं होतं. "ती काहीतरी खाते आहे, रोज खाते आहे," त्या म्हणाल्या. "तिलाच विचारा. ओरडू नका, नुसतं विचारा."

बायकोने मुलीला मांडीवर घेऊन विचारलं. मुलीने काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं तिच्या मते काही नव्हतंच.

"काकू लाडू देते ना दोन. शेंगदाण्याचे. अन् कपभर दूध. उपवासाले चालते."

"कधीपासून?"

"रोजच देते. डब्यात पोट भरत नाही माह्यं."

मी पायात चप्पल न घालता समोर गेलो. संध्याकाळचे पाच वाजले होते, बायका ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. काकू दारातच होत्या. मी सगळ्यांसमोर ओरडलो की तुम्ही माझ्या पोरीचा घात केला, तुम्हाला सांगितलं होतं तरी तुम्ही तिच्या तोंडात घातलं, तुमच्या भरवशावर लेकरू टाकलं ही आमची चूक झाली. अजून बरंच बोललो. वर्गात चिडल्यावर माझी जीभ कशी चालते ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

काकू गोंधळून गेल्या. "मास्तर, म्या तं उपवासाचंच देलं बापा," त्या म्हणाल्या. "दाणे निवडून, सोवळ्यातल्या कढईत भाजून. दूध बी गायीचं. लेकरू भुकेलं राहे, म्हणून देलं." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी हात जोडले. "तिच्या नवसात हे बी बसत नव्हतं का? माह्या हातानं नवस मोडला का?"

इथे मला सगळं सांगता आलं असतं. नवस नाही काकू, आजार आहे, आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं कारण मी सांगू दिलं नाही. दोन वाक्यांचं काम होतं. ओट्यावरच्या बायकांचे हात सुपात थांबलेले होते. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "मोडला."

आणि घरी निघून आलो.

बायकोने नोकरी सोडली. पुढचे चार महिने तिने काट्यावरून नजर हटवली नाही आणि पाकिटंही स्वतःच पाठवली. कुरिअरवाल्याने विचारलं तर तिने त्याला सरळ सांगितलं म्हणे, "पोरीचं रक्त हाये, तपासाले." त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. आकडा हळूहळू खाली आला. वास गेला, चट्टे गेले, हात स्थिर झाला. सातचा पाढाही आला. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं. पण गणितात ती आजही एखाद्या पायरीवर अडते. ते तिचं स्वतःचं अडणं आहे की त्या हिवाळ्याचं, हे मला कोणी सांगू शकणार नाही.

मुलगी दहा वर्षांची झाल्यावर बायकोने तिला खरं सांगितलं. ते माझं काम होतं. मुलीने सगळं ऐकून घेतलं, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा डबा स्वतः तोलू लागली. आजोबांना आणि माझ्या आईलाही तिनेच सांगितलं. आई थोडी रडली. मामा म्हणाले, "मले वाटलंच होतं." ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं घाबरलो ती अर्ध्या तासात संपली. बहिणीचं लग्न तर केव्हाच झालं होतं. तरी गल्लीत मी काही बोललो नाही, आणि मुलीला म्हणालो, "बाहेर सांगायची घाई नको." ती म्हणाली, "तुमचं तुमी पाहा."

काकू आमच्या दारात पुन्हा आल्या नाहीत. समोरासमोर घरं, रोज दिसायच्या. मुलगी रस्त्याने गेली की त्या पदर डोक्यावर ओढून आत जायच्या, जणू त्यांची सावलीही तिच्यावर पडायला नको. हळूहळू त्या वाळत गेल्या. गणपतीत गल्लीचा चहा झाला की त्या म्हणायच्या, "मले कोरा दे." मी मनात म्हणालो, म्हातारपणी पित्त होतं. त्यांच्या घरातून दुपारी दाणे भाजल्याचा वास यायचा, तो कधी बंद झाला ते मला आठवत नाही.

या वर्षी मुलगी दहावीत आली, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. आनुवंशिकतेचा धडा आला. मी फळ्यावर चार चौकोन काढले, उंच झाडं, बुटकी झाडं. कोणी तरी विचारलं, "सर, माणसात असं राह्यते का?" मी नेहमीचं उत्तर दिलं, डोळ्यांचा रंग, कानाची पाळी. तेव्हा तिसऱ्या बाकावरून माझी मुलगी उभी राहिली.

"सर," ती म्हणाली. शाळेत ती मला सरच म्हणते. "मी सांगू?"

ती फळ्याजवळ आली, माझ्या हातातला खडू घेतला आणि चौथ्या चौकोनाला गोल केला. मग वर्गाकडे वळून तिने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, आईबाबा मामे-आतेभावंडं असल्याचं, डबा, पावडर. "नवस-बिवस काही नव्हता," ती म्हणाली. "मी या चौकोनातली हाये." वर्गात कोणी हसलं नाही. एका मुलाने विचारलं, "मंग तू पनीर खाल्लंच नाही कधी?" ती "नाही" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मी मुलांना प्रश्नोत्तरं लिहायला लावली.

त्या वर्गात आमच्या गल्लीतली चार पोरं आहेत. घरी येताना मुलगी माझ्या बरोबरीने चालत होती.

"संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीले माहीत होऊन जाईल," ती म्हणाली. "काकूले कोण सांगणार? तुमी, का ती पोरं?"

आम्ही घरी न जाता सरळ समोर गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांना मोतीबिंदू, ताट नाकाशी धरलेलं. मुलीला बघून त्या उठून आत जाऊ लागल्या, तिने त्यांचा हात धरून खाली बसवलं. मी उभाच होतो. मी सांगितलं. कुठून सुरू केलं आठवत नाही, पण या वेळी काही मागे ठेवलं नाही. आजार होता. नवस कधीच नव्हता. तुम्हाला कळायला काही मार्ग नव्हता. रक्त तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

काकू ताटातल्या तांदळांवरून बोट फिरवत राहिल्या.

"देवाले काहीच बोलले नव्हते तुमी?"

"नाही."

"माह्या हातानं मोडला होता ना तिचा नवस," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, ताटाशी बोलल्यासारख्या. "लेकराले त्याचं लागू नये म्हणून म्या अंगावर घेतला. दूध सोडलं. शेंगदाणा सोडला. एक टाइम जेवते. तिचं लगन होईस्तोवर धरला होता. मंग मी कोणाचं फेडून राह्यली इतके वर्षं, मास्तर?"

आठ वर्षं. मी समोर राहत होतो.

"माझं," मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला खाली बसता आलं असतं.

मुलगी उठली, रस्ता ओलांडून आमच्या घरी गेली आणि तांब्याभर दूध घेऊन आली. काकूंच्या घरात दूध नव्हतंच. तिने त्यांच्या चुलीवर, म्हणजे त्यांच्या गॅसवर, चहा ठेवला. आधी एक कप कोरा काढला, तो स्वतःसाठी. मग उरलेल्यात दूध ओतलं, मोजून नाही, चांगलं भरपूर, आणि उकळी येऊ दिली. दुसरा कप तिने काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो दोन्ही हातांत धरून आधी वास घेतला, मग बशीत ओतून एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली वं बाई," त्या म्हणाल्या.

"पी ना," मुलगी म्हणाली.

त्या दोघी भिंतीला टेकून चहा पीत बसल्या. फळीवर आणखी चार कप पालथे ठेवलेले होते. आमच्याकडे दारात आलेल्या परक्या माणसालाही चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. तिसरा कप कोणी काढला नाही, आणि मी घरी आलो.